वाचक विचारतात: आइस हॉकीचे ग्लोव्ह्ज निवडताना

नवे ग्लोव्ह्ज घेण्याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. गोलकीपरच्या ग्लोव्ह्जचं गणितच वेगळं असतं, त्यामुळे इथली उत्तरं बाकीच्या खेळाडूंपुरती आहेत.

माझी उंची ५ फूट ८ इंच आहे. एका कंपनीच्या तक्त्याप्रमाणे मला १३ नंबर लागतो, दुसरीच्या तक्त्याप्रमाणे १४. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. उंचीवरून नंबराचा फक्त अंदाज बांधता येतो आणि तुमची उंची नेमकी दोन नंबरांच्या सीमेवर पडते. नंबर म्हणजे बोटांच्या टोकापासून कफच्या (मनगट झाकणाऱ्या भागाच्या) कडेपर्यंतची ग्लोव्हची लांबी, इंचांत. मोठ्यांसाठी १३, १४ आणि १५ (लेबलवर ३३, ३६ आणि ३८ सेंटिमीटर), ज्युनियर गटात साधारण १० ते १२, आणि अगदी लहानांसाठी ८-९. अर्धे नंबर क्वचितच मिळतात.

उंचीपेक्षा कोपराचं पॅड जास्त खरं सांगतं. तुम्ही खेळताना वापरता तेच पॅड घाला, हात किंचित वाकवा आणि मधल्या बोटाच्या टोकापासून पॅडच्या खालच्या कडेपर्यंत मोजपट्टी धरा. आकडा १५ इंचांच्या जवळ आला तर १४ नंबर घालून पाहा. ग्लोव्हचा कफ आणि पॅड यांच्यामध्ये एक ते दोन बोटांची जागा उरायला हवी. त्याहून जास्त राहिली तर प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकचा फटका नेमका त्या उघड्या पट्टीवर बसतो. जागाच उरली नाही, तर मनगट वळवताना कफ पॅडवर आदळतो आणि रिस्ट शॉट (मनगटाच्या झटक्याने मारलेला फटका) अर्ध्यात अडकतो. लांब कफचे १३ आणि आखूड कफचे १४ हातावर जवळजवळ सारखेच येतात, म्हणून नुसत्या नंबरावर विसंबू नका.

शेवटचा शब्द मात्र बोटांचा. पंजा पूर्ण उघडल्यावर बोटाचं टोक आणि ग्लोव्हचं टोक यांत सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा हवी. टोकं आतून टेकत असतील, तर मूठ उघडताना प्रत्येक वेळी बोटांमधल्या शिवणींवर ताण येतो आणि त्या उसवतात. दीड-दोन सेंटिमीटर रिकामे राहिले, तर मूठ वळताच तळव्याचं जादा कापड गोळा होऊन स्टिक आणि हात यांच्यामध्ये चुण्या पडतात. फोड येतात ते बहुधा याच चुण्यांमुळे.

मुलगा नऊ वर्षांचा आहे, हात भराभर वाढतोय. दोन नंबर मोठे घेऊन ठेवले तर दोन हंगाम निघतील ना?

हंगाम निघतील, पण पहिल्या हंगामात तो स्टिक धरायला चुकीचं शिकेल. ढगळ ग्लोव्हमध्ये मुलं स्टिक बोटांत न धरता तळव्यात आवळून धरतात आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. एक नंबर मोठा, तोही बोटाच्या टोकाशी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा राहत नसेल तरच. शिवाय मोठ्या ग्लोव्हचा कफ छोट्या हातावर पॅडला भिडतो, ते वेगळंच.

पारंपरिक चार-रोलचे, निमुळते आणि हाताच्या आकाराचे असे तीन प्रकार दिसतात. नेमका फरक काय पडतो?

चार-रोल म्हणजे हाताच्या पाठीवर फोमच्या चार आडव्या जाड वळ्या असलेला, आतून ऐसपैस ग्लोव्ह. बोटं आत मोकळी राहतात, मनगट सगळीकडे वळतं, हवा खेळते. ज्यांना ग्लोव्ह हातात सैल असलेला आवडतो आणि जे पक (खेळातली रबरी चकती) हाताळण्यावर जास्त भर देतात, त्यांना तो सोडवत नाही. निमुळता प्रकार बोटांशी आणि तळव्याशी घट्ट बसतो आणि कफकडे रुंद होत जातो. त्यामुळे हात हलला की ग्लोव्ह लगेच हलतो आणि मनगटही मोकळं राहतं. तिसरा प्रकार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हाताला चिकटून बसतो, जणू हाताची दुसरी कातडी. पंजा रुंद असेल तर तो करंगळीच्या बाजूला चावतो.

यातला कोणताच प्रकार ‘अधिक चांगला’ नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांत बसण्याचा फरक एवढा असतो, की मित्राच्या हाताला बसलेलं मॉडेल न घालता मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. दुकानात जाताना कोपराचं पॅड बरोबर न्या आणि दुकानातली स्टिक हातात घ्या. दोन्ही हातांत ग्लोव्ह घालून मनगटाने हवेत आठचा आकडा काढा. खालचा (स्टिक मधोमध धरणारा) हात स्टिकवरून वरखाली सरकवून पाहा. मग मूठ घट्ट वळा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पाठीवरच्या वळ्यांमधल्या फटी दाबा. मूठ वळल्यावर त्या उघडतात, आणि बोट थेट हाडापर्यंत पोचलं तर पकही पोचेल. पक म्हणजे साधारण १६०-१७० ग्रॅम वजनाचं कडक व्हल्कनाइझ्ड रबर, त्याच्यासमोर नुसता मऊ फोम टिकत नाही. म्हणून पाठीवर, तर्जनीच्या बाजूला आणि मनगटाच्या हाडावर फोमबरोबर कडक प्लास्टिकची पट्टी आहे का, तेही चाचपा.

अंगठा हळूच मागे वाकवा. आतली कडक पट्टी त्याला मागे उलटू देत नसेल तर ठीक. सहज उलटला तर तो ग्लोव्ह परत ठेवा, बाकी कितीही आवडला असला तरी. बोर्डजवळ (रिंकभोवतीच्या कठड्याजवळ) पडताना हात टेकला, की मुरगळतो तो अंगठाच. काही ग्लोव्ह्जमध्ये अंगठा दोन तुकड्यांचा असतो. त्यात पकड जास्त नैसर्गिक वाटते, पण उलटण्यापासूनचं रक्षण थोडं कमी मिळतं.

गेल्या वर्षी दुकानातले सगळ्यात महागडे ग्लोव्ह्ज घेतले. हंगाम संपेपर्यंत वरच्या (स्टिकच्या वरच्या टोकाजवळच्या) हाताचा तळवा फाटला. आधीचे स्वस्त ग्लोव्ह्ज तीन वर्षं चालले होते. माल खराब निघाला का?

बहुधा नाही. महागड्या ग्लोव्हचा तळवा मुद्दाम पातळ ठेवलेला असतो. तळवा जेवढा पातळ, तेवढी स्टिक हाताला नीट ‘कळते’, आणि त्या कळण्याचेच जास्त पैसे घेतात. स्वस्त ग्लोव्हमध्ये जाडसर कृत्रिम स्वेड (लवदार चामड्यासारखं कापड) असतं. पहिले काही आठवडे ते कडक लागतं, पण झिजता झिजत नाही. तुम्ही आठवड्यातून चार दिवस खेळत असाल, तर पातळ एकपदरी तळवा हंगामापुरताच समजा. टिकाऊपणा हवा असेल तर जिथे जास्त घासतं तिथे दुसरा पदर शिवलेला तळवा पाहा. फक्त त्या पदराची कड बोटांच्या मुळाशी आडवी येत नाही ना, हे मूठ वळून तपासा. ती आडवी आली तर तिथेच घट्टा पडणार.

मात्र फाटलं कुठे, यावरून कारण कळतं. वरच्या हाताचा तळवा बुडाशी, मनगटाच्या जरा वर फाटला असेल, तर दोष स्टिकच्या वरच्या टोकाला टेप गुंडाळून केलेल्या गाठीचा. गाठ मोठी आणि काटकोनी कडेची असली की सगळा दाब एका रेषेवर येतो. गाठ लहान करा आणि खाली उतरताना निमुळती करा. टेपला पीळ देऊन दोरीसारखं गुंडाळून त्यावर सपाट टेप मारण्याची पद्धत पकडीला छान, तळव्याला वाईट. प्रत्येक उंचवट्यावर कापड वेगळं झिजतं. खरखरीत कापडी टेपऐवजी वरच्या हाताखाली मऊ, ताणली जाणारी ग्रिप टेप किंवा रबरी ग्रिप वापरून पाहा. काळी, चिकट डिंकाची फ्रिक्शन टेप मात्र तिथे लावूच नका. ती तळव्यात मुरते आणि कापड ओढून काढते.

खालच्या हाताचा तळवा अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात किंवा बोटांच्या मुळाशी विरला असेल, तर स्टिकवरचा चिकट लेप पाहा. खालचा हात सतत सरकत असतो. चिकट लेपावर तो प्रत्येक वेळी खरवडला जातो. पुढची स्टिक मॅट फिनिशची घ्या, फरक लगेच जाणवेल.

बोटांमधल्या जाळीच्या पट्ट्या आधी फाटत असतील, तर बहुधा नंबर लहान आहे.

खेळून झाल्यावर ग्लोव्ह्ज बॅगेतच राहतात. दुसऱ्या दिवशी तळवा कडक होतो, वास तर विचारूच नका. हीटरजवळ वाळवले तर?

हीटर नको, हेअर ड्रायर नको, कपडे वाळवण्याचं मशीन तर मुळीच नको. कृत्रिम स्वेडला धरून ठेवणारं रसायन उष्णतेने कडक होतं आणि तळवा कागदासारखा चरचरू लागतो. कडकपणाचं दुसरं कारण घामातलं मीठ. पाणी उडून जातं, मीठ तंतूंत राहतं आणि घडीवर तडे जातात.

ग्लोव्ह्ज बॅगेतून लगेच काढा, कफ पूर्ण उघडा आणि पंख्याची हवा थेट कफमधून आत जाईल असे टांगा. बोटांच्या टोकांपर्यंत कोरडे झाल्याशिवाय परत घालू नका. ओला तळवा ताणला जातो आणि कोरड्यापेक्षा लवकर झिजतो. लागोपाठ दोन दिवस खेळायचं असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरणं हाच खरा उपाय. दोन्ही मिळून जास्त टिकतात. अधूनमधून थंड पाण्यात, सौम्य साबणाने हलक्या हाताने धुवा, न पिळता दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली वाळवा. थोडासा कडकपणा राहिला तर तळवा दोन्ही हातांनी चोळला की सैल होतो.

तळव्याला रुपयाएवढं भोक पडलंय. चिकटवू, शिवू की तसंच खेळू?

चिकटवू नका. गोंद सुकला की कडक वळ तयार होतो आणि त्याच्या कडेने नवं भोक पडतं. त्याच जातीच्या कृत्रिम स्वेडचा गोल कोपऱ्यांचा तुकडा भोकापेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोठा कापा. टोकदार कोपरे आधी उचकटतात. ग्लोव्ह घालून, स्टिक धरून त्याची जागा खडूने आखा. मग ग्लोव्हच्या आत गुंडाळलेलं कापड कोंबा, म्हणजे सुई मागच्या थरात घुसणार नाही आणि तळवा थोडा वाकलेला राहील. सपाट तळव्यावर शिवलेला तुकडा मूठ वळल्यावर फुगतो. नायलॉनच्या दोऱ्याने बारीक टाके घाला. तळवा अनेक ठिकाणी विरला असेल, पण पाठ शाबूत असेल, तर ग्लोव्ह दुरुस्त करणाऱ्याकडून पूर्ण तळवा बदलून घ्या. आतला फोम दाबला जाऊन पुन्हा वर येत नसेल, तर मात्र तळव्यावर खर्च करू नका.

तसंच खेळायचं म्हणाल, तर हात उघडा पडतो हे झालंच. शिवाय चांगली पकड मिळावी म्हणून काहीजण तळवा मुद्दामच कापतात. एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक नॅशनल हॉकी लीगच्या) नियमांत असा ग्लोव्ह बेकायदा आहे आणि त्यासाठी मायनर पेनल्टी, म्हणजे दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं.

इनलाइन हॉकीचे ग्लोव्ह्ज बर्फावर चालतील का?

सरावाला एखाद्या दिवशी चालतील. इनलाइन हॉकी चाकांच्या स्केट्सवर खेळतात. तिचे ग्लोव्ह्ज हलके आणि जास्त जाळीदार असतात, कारण तिथे उकाडा हाच मोठा शत्रू. बर्फावर धक्के जास्त बसतात, त्यामुळे सामन्यासाठी नकोत. उलटं मात्र निर्धास्त करा. आइस हॉकीचे ग्लोव्ह्ज चाकांवर घालायला हरकत नाही, फक्त घाम जास्त येईल.