सॉरी म्हण, पण पावसाबद्दल नको

प्रिय बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं गो. रत्नागिरीत सेकंड इयरला आहेस, दोन वर्षं नुसती बोलण्यात असलेली ट्रिप शेवटी तू मनावर घेतलीस, ४२ जणांकडून १८०० रुपये गोळा केलेस, एसटी ठरवलीस, आणि ऑक्टोबरात मालवणला पोचलात तर अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, बंदरात तीन नंबरचा धोक्याचा बावटा आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद. लाईट नाही, दोन दिवस होमस्टेच्या पडवीत पत्ते कुटण्यात गेले. आता सगळे तुलाच बोलतायत, सगळ्यात जवळची मैत्रीण म्हणाली तुला साधं हवामान बघता येत नव्हतं का, म्हणून तू ग्रुप सोडलास, आठवडाभर कॉलेजलाही गेली नाहीस, आणि मला विचारतेस स्कॉलरशिपमधून सगळ्यांचे पैसे परत करू का.

नको करू. अजिबात नको.

पैशांचं पुढे सांगते, आधी तू पत्रात एका ओळीत उरकलेली गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं, चार मुलांनी एका होडीवाल्याला जादा पैसे देऊन गपचूप किल्ल्यावर न्यायला तयार केलं आणि तू जेटीवर आडवी उभी राहिलीस, कोणी जायचं नाही म्हणून. बाळा, मी मालवणचीच, वडील रापणीवर, म्हणजे मासेमारीवर होते. ऊन पडलं म्हणजे दर्या बसला असं नसतं, वारा पडला तरी लाटा येतच राहतात, आणि जेटी ते किल्ला एवढंसं पाणी दिसतं पण खाली खडकच खडक. बावटा लागला की बाबा होडी वर ओढून दिवसभर पडवीत जाळं शिवत बसायचे, कमाई बुडाली म्हणून कोणाशी धड बोलायचे नाहीत, पण पाण्यात उतरले नाहीत कधी. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेली पुण्याची १४ मुलं बुडाली, तेव्हा तर पाऊसही नव्हता. तू त्या चौघांना थांबवलंस, आणि आज ते तुझ्यावर चिडायला सुखरूप आहेत हे मला फार मोठं वाटतं.

पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की निघायच्या दोन दिवस आधी हवामान खात्याचा इशारा तू मोबाईलवर वाचला होतास आणि ग्रुपवर टाकला नाहीस, कारण ट्रिप परत रद्द होईल याची भीती वाटली. तुला झोप लागत नाही ती यामुळे, पावसामुळे नाही. पाऊस तुझ्या हातात नव्हता, पण ते सांगणं होतं, आणि जायचं की नाही हे ४२ जणांनी मिळून ठरवायला हवं होतं. मला तुझा राग नाही आला, एवढी वाट बघितल्यावर माणूस असं करतं. तरी तेवढ्याबद्दल सॉरी म्हण, सरळ शब्दांत, आणि मैत्रिणीला आधी. मेसेज नको, घरी जा. तिलाही ट्रिप तेवढीच हवी होती, तिचं बोलणं त्या दुःखातलं आहे असं मला वाटतं.

आता पैसे. एसटी आणि जेवणखाणाचे गेले ते गेले, तो खर्च सगळ्यांचा. वहीतला हिशोब पावत्यांसकट ग्रुपवर टाक, काही उरले असतील तर वाटून दे. तारकर्लीला स्कूबासाठी जो ॲडव्हान्स भरलायस तो परत मिळतो का किंवा पुढच्या तारखेला धरतात का ते आजच फोन करून विचार, समुद्र बंद होता म्हटल्यावर बरेचजण ऐकतात.

आणि परत जायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी बघा, दर्या तेव्हा निवळतो. मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत बोटी बंदच असतात, आणि ऑक्टोबरचा भरवसा आम्ही मालवणातले पण धरत नाही, २०१९ ला क्यार वादळ ऐन दिवाळीत आलेलं, कापायला आलेलं भात शेतात आडवं झालं होतं. यावेळी इशारे बघायचं काम त्या चौघांना दे. किल्ल्यात गेलीस की दूधबाव, दहीबाव, साखरबाव तिन्ही विहिरी बघ, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं. त्या मैत्रिणीला घेऊन बघ.

तुझी,
मावशी