स्नोबॉल कोल्हापुरात फुलेल का?

प्रश्न : आमचं घर आर. के. नगरात. पश्चिमेच्या कंपाउंडला आडोसा म्हणून झुडपं लावायची आहेत. मुलीकडे इंग्लंडला पांढऱ्या चेंडूंसारख्या फुलांचं व्हायबर्नम पाहिलं. ते इथं जगेल का? माती काळी, उन्हाळ्यात भेगाळते. पाणी बोअरचं.
– एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : ताई, त्या चेंडूंचा नाद सोडा. ते व्हायबर्नम ओप्युलसचं ‘स्नोबॉल’ नावाचं वाण. त्याला पानं गाळून विसावायला कडक थंडी लागते, आपल्या डिसेंबरच्या गारठ्यावर त्याचं भागत नाही. एखादा नर्सरीवाला ‘स्नोबॉलच आहे की’ म्हणत हायड्रेंजिया हातात ठेवील. तेही एप्रिलच्या उन्हात मान टाकतं.

तुम्ही व्हायबर्नम ओडोरॅटिसिमम मागा. बारमाही हिरवं, पानं जाड, चकचकीत, समोरासमोर जोडीनं येणारी. रोपावरच्या चिठ्ठीवर जाऊ नका. एक पान चुरडून हुंगा. हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास आला, तरच पैसे द्या. फुलं बारीक, पांढरी, सुवासिक, झुपक्यांनी येतात. वाढू दिलं तर पंधरा-वीस फूट जातं, म्हणून दोन रोपांत चार-पाच फूट सोडा.

पश्चिमेची जागा, हीच खरी मेख. दुपारभर तापलेली भिंत रात्रीपर्यंत झळा मारते. तेव्हा भिंतीपासून तीन फूट पुढं लावा आणि पहिले दोन उन्हाळे दुपारच्या उन्हाला शेडनेट बांधा.

काळ्या मातीत मात्र उन्हाळ्यापेक्षा पावसाळाच जास्त रोपं मारतो. पाणी तुंबलं की मुळं कुजतात. खोल खड्डा नकोच. मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळून फूटभर उंच गादी करा, जूनचे पहिले पाऊस झाले की तिच्यावर रोपं लावा. पावसाळा सरला की बुडाशी उसाच्या पाचटाचा चार बोटं थर द्या, खोडाला न चिकटवता. पाचट आपल्याकडं शिवारात मागितलं की मिळतं. लोक उगाच पेटवून देतात!

बोअरचं पाणी रोज थोडं थोडं शिंपडलं तर क्षार वरच साठतात, पानांच्या कडा करपतात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी, पण भरपूर द्या. उन्हाळ्यात पानांमागं बारीक जाळी दिसली तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आलाय. पाइप लावून पानांची खालची बाजू धुवा. छाटणी फुलं सरल्या सरल्या करा. उशिरा कात्री लावलीत तर पुढच्या हंगामाच्या कळ्या जातील.

एवढा खटाटोप नको असेल तर सरळ कुंती लावा. वास तिचाही अंगणभर येतो.