अन्याय पाहून गप्प बसावे का? ज्यू धर्मशास्त्राची उत्तरे

प्रश्न : अन्याय मी केला नाही, फक्त पाहिला. तरीही धर्म मला दोषी धरतो का?

उत्तर : धरतो. ज्यूंचा मूळ धर्मग्रंथ असलेल्या तोरातील लेवीय ग्रंथाच्या १९व्या अध्यायात शेजाऱ्याच्या जिवावर बेतले असता स्वस्थ उभे राहू नये अशी आज्ञा आहे, आणि बुडणाऱ्याला स्वतः काढता येत नसेल तर पैसे मोजून माणसे आणावीत, इथपर्यंत तालमूद हा ज्यू धर्मपंडितांच्या चर्चांचा ग्रंथ तिचा अर्थ ताणतो. तालमूदच्याच गिट्टीन प्रकरणात एक कथा आहे. जेरुसलेममधील एका यजमानाने कामत्सा या मित्राला मेजवानीला बोलावले, पण नोकर चुकून बार कामत्सा या वैऱ्याला घेऊन आला. यजमान त्याला उठवू लागला तेव्हा ‘माझ्या जेवणाचे पैसे देतो’, मग ‘निम्म्या मेजवानीचे देतो’, शेवटी ‘सगळ्या मेजवानीचे देतो’, असे बार कामत्सा विनवत राहिला. यजमानाने त्याला हाताला धरून बाहेर काढले. पंगतीला बसलेले रब्बी (धर्मपंडित) काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांना हे मान्यच होते, असे धरून बार कामत्सा राज्यकर्त्या रोमनांकडे चहाडी करायला गेला. इ. स. ७० मध्ये जेरुसलेममधील ज्यूंच्या मंदिराचा रोमनांकडून विध्वंस झाला, त्याची सुरुवात तालमूद या पंगतीपासून सांगतो.

प्रश्न : कोणी ऐकणारच नसेल तर बोलून काय उपयोग?

उत्तर : ऐकले जाणार नाही ते न बोलणे हेही कर्तव्यच, असे एक वचन आहे खरे, पळवाट म्हणून ते फार सोयीचे पडते. तालमूदच्या शब्बाथ प्रकरणात मात्र, पाप्यांना न टोकणाऱ्या नीतिमानांची बाजू घेत ‘पाप्यांनी ऐकले नसते हे मला ठाऊक आहे’ असे देव म्हणतो, तेव्हा देवासमोर व्यक्तिरूपाने उभा असलेला न्याय त्यालाच विचारतो, ‘तुला ठाऊक होते, पण त्या नीतिमानांना ठाऊक होते का?’

प्रश्न : अन्याय धर्मपीठच करत असेल तर?

उत्तर : सदोम नगरासाठी अब्राहामाने थेट देवाशी घासाघीस करून ५० नीतिमानांची अट १०वर आणली, धर्मपीठ तर माणसांचेच. इस्रायलच्या मुख्य रब्बीपीठाने १९६०च्या दशकाच्या आरंभी बेने इस्रायलींच्या, म्हणजे मूळच्या कोकणातील ज्यूंच्या, विवाहांआधी त्यांच्या वंशाची पडताळणी सुरू केली. शब्बाथ, म्हणजे शनिवारची धार्मिक विश्रांती, पाळून तेलाचा घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्यावरच ज्यूपण सिद्ध करण्याची पाळी आली. १९६४च्या उन्हाळ्यात त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि ते सर्वार्थाने ज्यू आहेत, असे इस्रायलच्या संसदेने त्याच ऑगस्टमध्ये जाहीर केले. त्यानंतर रब्बीपीठाने पडताळणीच्या निर्देशातून त्यांचे नाव काढले. पडताळणीचे कलम मात्र, ‘शंका असलेल्या कोणालाही’ लागू म्हणून, तसेच ठेवले.