अभ्यास झालाय, पण तारीख जवळ आली की हातपाय गार पडतात

"मॅडम, अभ्यास सगळा झालाय, प्रॅक्टिस टेस्टला मार्क पण चांगले पडतात, पण खऱ्या परीक्षेची तारीख जवळ आली की झोप उडते आणि मग मी तारीखच पुढे ढकलतो, काय करू?" आयटीतली माणसं सर्टिफिकेशनच्या परीक्षेबद्दल हा प्रश्न माझ्याकडे सारखी घेऊन येतात, कॉलेजची पोरं कमी आणि नोकरी करणारी जास्त. क्लाउड असो, नेटवर्किंग असो नाहीतर सिक्युरिटी, तक्रार तीच. म्हणून एका क्लायंटचं सगळं नीट सांगते, त्याची परवानगी घेतलीय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय तिशीच्या पुढे, घरी बायको, लहान मुलगी आणि आई. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कारखान्यात सिस्टीम अ‍ॅडमिन, म्हणजे सर्व्हर, फायरवॉल, बिलिंगचं सॉफ्टवेअर, सीसीटीव्ही, सगळं हाच बघतो, रात्री काही बंद पडलं तरी फोन ह्यालाच. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग डिप्लोमा. त्याला एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही सर्टिफिकेशनची परीक्षा द्यायची होती, कारण पुण्याला बिऱ्हाड न हलवता कोल्हापुरात राहूनच क्लाउडचं रिमोट काम मिळवायचं होतं. मुलगी झोपल्यावर रात्री दहा ते साडेबारा अभ्यास. प्रॅक्टिस टेस्टला ऐंशी टक्क्यांच्या वर. आणि तरी दोनदा तारीख बदललेली. या परीक्षेची तारीख २४ तास आधीपर्यंत बदलता येते पण एका बुकिंगला दोनदाच, तिसऱ्यांदा बुकिंग कॅन्सल करून नवीन करावं लागतं. तो आला तेव्हा बरोबर त्या टोकाला उभा होता.

"समदं येतंय ओ मॅडम, पण पेपर म्हटलं की हात गार पडत्यात, छातीत धडधडतंय, डोस्कं बंद पडतंय."

छातीचं नाव निघालं की मी आधी डॉक्टरकडे पाठवते, घाबरल्यामुळेच होत असणार असं गृहीत धरत नाही. त्याचा ईसीजी वगैरे नॉर्मल आला, मग आम्ही बोलायला बसलो.

पहिलं काम मी केलं ते म्हणजे त्याच्या हातात मार्कर दिला आणि म्हटलं मला काहीतरी शिकवा. त्याने बोर्डवर सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल, म्हणजे क्लाउडमधे ट्रॅफिक अडवणारे-सोडणारे दोन पहारेकरी, यातला फरक काढून दाखवला, एकाला आत आलेल्या ट्रॅफिकचं उत्तर बाहेर सोडायचं हे आपोआप कळतं, दुसऱ्याला दोन्ही बाजूंचे नियम वेगळे लिहून द्यावे लागतात, आणि हे सगळं कारखान्यातल्या फायरवॉलचं उदाहरण देऊन, न अडखळता. माझं शिक्षण यातलं नाही तरी मला समजलं इतकं स्वच्छ. मग मी त्याच विषयाचा एक छापील प्रश्न पुढे ठेवला आणि मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर लावला. ६५ प्रश्न आणि १३० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंच येतात. टायमर चालू झाला आणि माणूस पार बदलला, तीच ओळ चार वेळा वाचतोय, तळहाताला घाम, आणि शेवटी उत्तर चुकीचं. पाच मिनिटांपूर्वी मलाच शिकवलेली गोष्ट!

इथे काय झालं ते समजून घ्या कारण बहुतेकांचं इथेच अडतं. आलेलं काही पुसलं गेलं नव्हतं. विचार करताना आपण दोन-चार गोष्टी मनात एकदम धरून ठेवतो, प्रश्नातली अट, चार पर्याय, खर्च कुठला कमी, आणि ती धरून ठेवायची जागा फार मोठी नसते, त्यात "नापास झालो तर" हा विचार येऊन बसला की प्रश्नाला जागा उरत नाही. आणि हात गार पडणं, धडधडणं हे अ‍ॅड्रेनालिनमुळे, शरीर तयारीला लागलंय एवढाच त्याचा अर्थ. पण तो प्रत्येक वेळी त्याचा अर्थ "आज जमणार नाही" असा लावत होता, मग तारीख बदलायचा, बदलली की दहा मिनिटांत सगळं शांत, रात्री गाढ झोप. ही शांतताच घातक आहे हो. पळालो की बरं वाटतं हे मेंदू पक्कं लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी आणखी जोरात पळायला लावतो. तारीख बदलणाऱ्यांना आळशी म्हणणाऱ्या लोकांचा मला खरंच राग येतो, हा माणूस आळशी नव्हता, रोज रात्री साडेबारापर्यंत जागत होता.

म्हणून मी त्याला स्पष्ट सांगितलं की धडधड जाईल याची वाट बघू नका, ती जाणार नाही, आपण धडधडत्या छातीने प्रश्न सोडवायला शिकायचं.

ते असं केलं. माझं ऑफिस राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली जायचं, जिना भराभर चढून वर यायचं आणि छाती धडधडत असतानाच खुर्चीत बसून टायमर लावून प्रश्न सोडवायचा. पहिल्यांदा त्याला हे विचित्र वाटलं, पण दोन-तीन बैठकांनंतर तोच म्हणाला की मॅडम, धडधडत असलं तरी वाचता येतंय की. मग घरी पण तसंच, गच्चीवर जाऊन यायचं आणि बसायचं. सोबत श्वासाचं एक साधं काम, आत घ्यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला, दोन-तीन वेळा, बास. जास्त वेळ श्वासच मोजत बसलं की त्याचीच काळजी सुरू होते, हे मी बऱ्याच जणांत बघितलंय.

दुसरं म्हणजे अभ्यासाची पद्धत. भीती वाटली की तो कोर्सचे व्हिडिओ परत लावायचा, दीडच्या स्पीडने. बघताना सगळं ओळखीचं वाटतं त्यामुळे धीर येतो, पण ओळखीचं वाटणं आणि गरजेला आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मधे दाखवलंय की परत परत वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्याने विचारलं तर ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं तेच पुढे असतात. त्याचे एक चुलते तालमीत वाढलेले, त्यामुळे मला फार समजावावं लागलं नाही, नुसत्या जोर-बैठका काढून कोणी मैदानात उतरत नाही, तालमीत रोज जोडीदाराशी लढत करावीच लागते. तेव्हापासून व्हिडिओ बंद. कोरा कागद घ्यायचा आणि मल्टी-एझेड (एकापेक्षा जास्त डेटा सेंटरमधे चालवणं) कशाला, रीड रेप्लिका (डेटाबेसची फक्त वाचायला ठेवलेली प्रत) कशाला, एसथ्रीचा (फाइली साठवायची सेवा) कुठला क्लास कधी स्वस्त, हे न बघता लिहायचं, अडलं तरच नोट्स उघडायच्या. आणि रविवारी सकाळी एक पूर्ण ६५ प्रश्नांचा पेपर, फोन दुसऱ्या खोलीत, मधे उठायचं नाही, चहा नाही.

प्रश्न वाचायची एक सवय पण लावली. या परीक्षेतले प्रश्न म्हणजे लांबलचक परिच्छेद, एक कंपनी आहे, तिचं अमुक अ‍ॅप्लिकेशन आहे, आणि खरी मागणी शेवटच्या ओळीत, सगळ्यात कमी खर्चात की सगळ्यात कमी देखभालीत. शेवटची ओळ आधी वाचायची, मग वरचं. दोन मिनिटांत नाही सुटलं तर एक पर्याय टिकमार्क करून प्रश्न फ्लॅग करायचा, म्हणजे परत येऊन बघायला खूण करून ठेवायची, आणि पुढे, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, रिकामा मात्र सोडायचा नाही. (हे प्रत्येक परीक्षेला चालत नाही, सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंगच्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, तेव्हा आपल्या परीक्षेचे नियम आधी बघून घ्या.)

नियम नीट वाचल्याने भीती किती कमी होते हे मला या केसमधे फार जाणवलं. त्याला वाटत होतं की एखादा कधीच न ऐकलेला प्रश्न आला म्हणजे संपलं. प्रत्यक्षात ६५ मधले १५ प्रश्न मार्कांत धरतच नाहीत, ते पुढच्या परीक्षांसाठी तपासून बघायला घातलेले असतात, फक्त कुठले ते कळत नाही. पास व्हायला १००० पैकी ७२०, आणि प्रत्येक विभागात वेगळं पास व्हावं लागत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट, इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांना इंग्रजी पेपरला ३० मिनिटं जादा मिळतात, फुकट, पण ती परीक्षा बुक करायच्या आधी आपल्या अकाउंटमधून मागावी लागतात. मराठी मीडियमच्या माणसाला हा अर्धा तास किती मोलाचा आहे सांगा! तो ती मागायला लाजत होता, कमीपणा वाटत होता. मी म्हटलं ती तुमच्या हक्काची आहेत, त्यात कमीपणा कसला. तसंही तिसऱ्यांदा तारीख बदलता येत नव्हतीच, मग जुनं बुकिंग कॅन्सल केलं, ३० मिनिटं मंजूर करून घेतली आणि नवीन तारीख घेतली. हे पण पळणंच झालं असं कोणी म्हणेल, मला तसं वाटत नाही, कारण या वेळी आम्ही आधीच ठरवलं होतं की तारीख पूर्ण पेपरच्या मार्कांवर ठरेल, आदल्या रात्री पोटात कसं होतंय यावर नाही.

घरच्यांचं पण थोडं बोलायला लागलं. फी दीडशे डॉलर, टॅक्स धरून बारा-पंधरा हजारांच्या घरात जाते, आणि एकदा गेली की गेली. बायकोला बोलावून घेतलं, ती फार समजूतदार, तिने भिशीतले पैसे दुसऱ्या अटेम्प्टसाठी आत्ताच बाजूला ठेवले. अपशकुन वगैरे काही नाही, उलट "हीच शेवटची संधी" हे ओझं उतरलं. आईने अंबाबाईला नारळ बोलला होता, ते चांगलंच आहे, फक्त रोज सकाळी त्याला आठवण करून देऊ नका एवढं त्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं. गल्लीत आणि ऑफिसात तारीख कोणाला सांगायची नाही असं ठरलं, नाहीतर येता-जाता प्रत्येक जण "काय, झाली का परीक्षा?" विचारत राहतो.

परीक्षा घरून देता येते, पण घरी लहान मूल, मधे कोणी खोलीत आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते, आणि ह्याला प्रश्न पुटपुटत वाचायची सवय, कॅमेऱ्यासमोर तेही चालत नाही. म्हणून पुण्यातलं सेंटर घेतलं. पहाटेची एसटी पकडून जाऊ म्हणत होता, मी नको म्हटलं, हायवेचं काम, ट्रॅफिक, आदल्या दिवशी दुपारीच मेहुण्याकडे गेला आणि संध्याकाळी सेंटर बघून आला. सकाळी एकच चहा, नवीन काही वाचायचं नाही, आणि निघायच्या आधी दहा मिनिटं कागदावर मनातली सगळी भीती जशीच्या तशी मराठीत लिहून काढायची. रामिरेझ आणि बायलॉक यांचा २०११ चा अभ्यास आहे, परीक्षेच्या आधी दहा मिनिटं असं लिहिल्याने घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे मार्क सुधारले होते.

त्याने पूर्ण १६० मिनिटं बसून पेपर दिला. चौथ्याच प्रश्नाला डोस्कं बंद पडलं, फ्लॅग केलं, लांब श्वास सोडला, पुढे गेला. निकाल आला ७०४. नापास.

फोन आला तेव्हा मी काळजीतच होते, पण आवाज ठीक होता. "पडलो मॅडम, पण बसलो. निकालाच्या कागदात खर्चाचा भाग कच्चा दाखवलाय, तेवढंच करतो." नापास झाल्यावर १४ दिवस थांबावं लागतं, त्याने पंधराव्या दिवसानंतरची जवळची तारीख त्याच रात्री घेतली, मला न विचारता, भिशीचे पैसे होतेच. दुसऱ्यांदा पास झाला. धडधड झाली का विचारलं तर म्हणाला झाली की, तेवढीच.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. परीक्षा नसताना पण दिवस-दिवस धास्ती, आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणंच नको वाटतंय असं असेल तर ते परीक्षेच्या भीतीपलीकडचं आहे, तारखेची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा किंवा १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरला फोन करा, तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. आणि नुसती परीक्षेचीच धडधड असेल तर आज रात्री व्हिडिओ लावू नका, टायमर लावून दहा प्रश्न सोडवा, आणि बुकिंग अजून केलं नसेल तर ती जादाची ३० मिनिटं आधी मागून घ्या.