मालदीवचं 'इको रिसॉर्ट' खरंच इको आहे का, हे बुकिंगआधी कसं ओळखावं?

तुमचा प्रश्न असा आहे: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बडोद्याहून मालदीवला जायचं ठरतंय, पण मुलगी म्हणते, 'बुडणाऱ्या बेटावर विमानानं जाऊन ते आणखी बुडवायचं कशाला?' आणि रिसॉर्टवाले तर सगळेच स्वतःला 'इको' म्हणवतात. मग विश्वास कुणावर ठेवायचा?

माझा धंदा पंप आणि आरओ प्लँटचा (खारं पाणी दाबानं मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक पडद्यातून, गाळून गोडं करणारी यंत्रणा), बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत. कामानिमित्त अशा रिसॉर्टची मागची बाजू पाहिली आहे, जिकडे पाहुण्यांना कुणी फिरकू देत नाही. त्यावरून सांगतो.

बांबूचा स्ट्रॉ आणि 'टॉवेल पुन्हा वापरा'ची पाटी सोडून द्या. आधी पाण्याचं विचारा. बेटावरचं गोडं पाणी म्हणजे वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पावसाचा पातळ थर. उपसा वाढला किंवा लाटा आत शिरल्या की तो मचूळ होतो. म्हणून रिसॉर्टचं पाणी समुद्रातून घेऊन आरओ केलेलं. चांगल्या प्लँटला हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते. एनर्जी रिकव्हरी (बाहेर टाकायच्या खाऱ्या पाण्याचा दाब पुन्हा वापरणं) नसलेल्या जुन्या, छोट्या प्लँटला सहज दुप्पट. डिझेल जनरेटर लिटरभर डिझेलमध्ये साडेतीन युनिटच्या आसपास देतो. हिशेब करा, हजार लिटर पाण्यामागे एक ते दोन लिटर डिझेल, तेही बोटीनं आणलेलं. आपल्याकडे शहराची पाणीयोजना माणशी रोज 135 लिटर धरून आखतात. तिथे बऱ्याच व्हिलांना स्वतःचा पूल, वर लाँड्री आणि हिरवळ. एसी तर पाण्यापेक्षाही मोठा खादाड.

तेव्हा ईमेल करून विचारा: वर्षभराच्या विजेत सोलरचा वाटा किती? आरओला एनर्जी रिकव्हरी आहे का? जनरेटरच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर गरम पाणी होतं का? ज्यांनी काम केलंय ते आकड्यात उत्तर देतात. बाकीचे कासवाचा फोटो पाठवतात.

डिझेलला दुसरे मार्गही आहेत. बोरा बोरावरच्या एका हॉटेलात 2006 पासून खोल समुद्रातलं गार पाणी वर खेचून त्यावर एसी चालवतात. आपल्या लक्षद्वीपात कवरत्तीला 2005 पासून साडेतीनशे मीटर खोलीवरच्या गार पाण्यानं वाफ थंड करून रोज लाखभर लिटर गोडं पाणी करण्याचा प्लँट आहे. मेम्ब्रेनच नाही! माझ्या धंद्याला वाईट, पण इंजिनीअर म्हणून मला ते फार आवडतं.

आता वाळू. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते, आणि हे कुणी विचारतच नाही. मालदीवची 80 टक्के जमीन समुद्रापासून मीटरभरही उंच नाही. बेटाला लाटांपासून वाचवतं ते भोवतीचं प्रवाळ: निरोगी प्रवाळभिंत लाटेचा सरासरी 97 टक्के जोर आधीच मोडते. किनाऱ्यावरची पांढरी वाळूही प्रवाळाचीच, त्यातली बरीचशी पोपटमाशानं प्रवाळ कुरतडून मागे टाकलेली. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ पांढरं पडतं. 1998 आणि 2016 मध्ये तिथे फार मोठी हानी झाली. त्यात वाळू मोसमी वाऱ्यांबरोबर बेटाच्या एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते, ऋतू बदलला की परत येते. पाहुण्याला मात्र बारा महिने फोटोतल्यासारखा किनारा हवा. मग लगूनमधून (प्रवाळभिंतीच्या आतल्या उथळ पाण्यातून) वाळू उपसून किनाऱ्यावर ओततात, आडवे दगडी बंधारे घालतात. उपशाचा गाळ प्रवाळावर बसतो आणि बंधारा पलीकडच्या किनाऱ्याची वाळू अडवतो. बेट वाचवायचं म्हणून केलेलं काम बेटाची भिंतच पोखरतं. 'आमचा किनारा ऋतूप्रमाणे लहानमोठा होतो' असं लिहिणारं रिसॉर्ट मला जास्त भरवशाचं वाटतं.

मशिनरी कुठल्या उंचीवर आहे, हेही महत्त्वाचं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, त्यानंतर आपल्याकडे पंप आणि मीटर वर चढवायला लोक लागलेच ना? तिथे तसंच, कारण प्लँट बंद पडला की पाणीच नाही. डिसेंबर 2014 मध्ये राजधानी मालेच्या पाणी प्लँटला नुसती आग लागली, तर लाखभराहून जास्त वस्तीचं शहर कोरडं पडलं आणि भारतानं विमानांनी, जहाजांनी पाणी पोचवलं.

मुलीचं म्हणणं विमानापुरतं बरोबर आहे. मुंबई ते माले साधारण 1,650 किलोमीटर. जाऊन-येऊन माणशी तीनशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. रिसॉर्टचं सोलर तो परत फेडत नाही. पण मालदीवचं पोट पर्यटनावर आहे, आणि जगाच्या उत्सर्जनात त्या देशाचा वाटा नगण्य. सगळ्यांनी जाणं बंद केलं तर समुद्र चढायचा थांबणार नाही, आणि भिंती-प्रवाळासाठी लागणारा पैसा मात्र आटेल. तीन रात्रींच्या दोन सहलींपेक्षा आठवडाभराची एक बरी, आणि सीप्लेनऐवजी मालेपासून स्पीडबोटीनं जाता येईल असं बेट निवडा.

आणखी एक पर्याय: 2009 पासून वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस चालतात. तिथे व्हिलाला पूल नसतो, जेवणात ताजा टूना असतो आणि बिलातला ग्रीन टॅक्सही कमी: जानेवारी 2025 पासून रिसॉर्टमध्ये माणशी रोज 12 डॉलर, पन्नास खोल्यांपर्यंतच्या गेस्टहाउसला 6. चार दिवस तिथे आणि शेवटचे दोन रिसॉर्टमध्ये, असं करून बघा. फक्त वस्तीच्या बेटावर दारू मिळत नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा असतो, हे आधी लक्षात घ्या.