तीन क्रिप्टो एक्सचेंजवर ट्रेडिंग करणाऱ्या फंडाची यंत्रणा: आधी कस्टडी (नाणी कोणाच्या ताब्यात), मग सर्व्हर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुबईत नोंदलेला छोटा फंड, भांडवल दोन कोटी डॉलरच्या आसपास, बायनान्स, ओकेएक्स आणि डेरिबिट या एक्सचेंजवर स्पॉट (प्रत्यक्ष नाण्यांची खरेदी-विक्री), पर्पेच्युअल (मुदत नसलेले फ्यूचर्स) आणि ऑप्शन्स. सर्व्हर कुठे ठेवायचा आणि सॉफ्टवेअर कोणतं घ्यायचं?

सर्व्हरचं उत्तर दोन ओळींत संपतं. बायनान्ससाठी एडब्ल्यूएसचा (ॲमेझॉनची क्लाउड सेवा) टोकियो रीजन, डेरिबिटसाठी लंडनजवळचं स्लाव. मार्केट मेकिंग (सतत खरेदी-विक्री दोन्हीचे भाव लावून ठेवणं) करणार नसाल तर यापलीकडे मिलिसेकंदांच्या मागे लागू नका.

खरा प्रश्न मार्जिन (पोझिशनसाठी तारण ठेवलेली रक्कम) कुठे पडून राहणार हा आहे. 11 नोव्हेंबर 2022 ला एफटीएक्स या एक्सचेंजने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा कित्येक फंडांचं हेजिंग चोख होतं, फक्त पैसे एक्सचेंजच्या ताब्यात होते. त्यावरचा उपाय म्हणजे ऑफ-एक्सचेंज सेटलमेंट. नाणी कस्टोडियनकडे (नाणी सांभाळणारी त्रयस्थ कंपनी) राहतात, एक्सचेंज तेवढीच शिल्लक आपल्या खात्यावर दाखवतं, आणि ठरलेल्या वेळी फक्त नफा-तोट्याची देवघेव होते. कॉपर या कस्टोडियनची क्लिअरलूप ही अशी सेवा ओकेएक्स आणि डेरिबिटशी जोडलेली आहे, बायनान्ससाठी सेफू या कस्टोडियनची मिररएक्स. यानेही जोखीम शून्य होत नाही: दोन सेटलमेंटच्या मधला नफा एक्सचेंजकडेच असतो. करारात तीन गोष्टी शोधा: सेटलमेंट किती वेळाने, नाणी ट्रस्टमध्ये आहेत की कस्टोडियनच्या ताळेबंदात, आणि एक्सचेंज बंद पडल्यास उघड्या पोझिशनचं काय.

प्राइम ब्रोकर (तुमच्या वतीने सगळ्या एक्सचेंजवर खाती चालवणारा मध्यस्थ) घेतलात तर एकाच मार्जिनवर सगळीकडे ट्रेड करता येतं. पण मग एक्सचेंजऐवजी ब्रोकर बुडण्याची जोखीम तुमच्यावर येते, एवढंच.

आता नाणी हलवायला लागणाऱ्या सह्यांची व्यवस्था. एमपीसी (एकच किल्ली अनेकांत तुकड्यांनी वाटलेली) की मल्टिसिग (अनेक वेगळ्या किल्ल्यांच्या सह्या) यावर लोक तासन्‌तास भांडतात. घात होतो तो सही करणारा पडद्यावर एक बघतो आणि सही भलत्याच गोष्टीवर करतो तेव्हा. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजच्या मल्टिसिग वॉलेटमधून 23 कोटी डॉलरहून जास्त गेले. सहापैकी चार सह्या लागत होत्या, त्या झाल्याही. फेब्रुवारी 2025 मध्ये बायबिट या एक्सचेंजचे सुमारे चार लाख इथर गेले. तिथे वॉलेटच्या वेबपेजमध्येच घुसवलेला कोड सही करणाऱ्यांना नेहमीचं ट्रान्सफर दाखवत होता, प्रत्यक्षात सही वॉलेटचं कॉन्ट्रॅक्ट बदलण्यावर होत होती. म्हणून निदान एका सहीदाराने वेगळ्या मशीनवर, वेगळ्या सॉफ्टवेअरने कॉलडेटा (व्यवहारातली प्रत्यक्ष आज्ञा) उलगडून पाहावा आणि व्यवहाराचा हॅश (त्याचा गणिती ठसा) हार्डवेअर वॉलेटच्या पडद्याशी जुळवावा. हॅश न वाचता बटण दाबायचं असेल तर चार काय, दहा सह्या ठेवूनही उपयोग नाही.

एपीआय की (तुमच्या सॉफ्टवेअरला एक्सचेंजवर प्रवेश देणारी किल्ली) बनवताना पैसे काढण्याची परवानगी बंद, आयपी ठरावीक, आणि प्रत्येक स्ट्रॅटेजीला वेगळं सबअकाउंट. विड्रॉल पत्त्यांची यादी आधीच मंजूर करून ठेवा, नव्या पत्त्यावर 24 तासांचा थांबा लावा. नव्या मार्गावर पहिलं ट्रान्सफर लहानसंच. यूएसडीटी (डॉलरशी बांधलेलं नाणं) ट्रॉन या ब्लॉकचेनवर जातंय की इथेरियमवर, हे दोन जणांनी तपासायचं.

ऑर्डरच्या बाजूला सगळ्यात महाग पडणारी चूक टाइमआउटची. बायनान्सकडून उणे 1007 हा एरर आला तर ऑर्डर फसली असं नव्हे, तिचं काय झालं ते माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ. बरेच जण तोच क्लायंट ऑर्डर आयडी (ऑर्डरला आपण दिलेला क्रमांक) देऊन ऑर्डर परत पाठवतात आणि डुप्लिकेट असेल तर एक्सचेंज नाकारेल म्हणून निर्धास्त राहतात. तो आयडी फक्त उघड्या ऑर्डरपुरता तपासला जातो. पहिली मार्केट ऑर्डर पूर्ण झाली असेल तर दुसरीही स्वीकारली जाते आणि पोझिशन दुप्पट. आधी त्या आयडीने स्थिती विचारा, मगच पुढचं पाऊल.

ऑर्डर बुकचंही तसंच. बायनान्स फ्यूचर्सच्या डेप्थ स्ट्रीममध्ये (ऑर्डर बुकमधले बदल सतत पाठवणारा प्रवाह) प्रत्येक अपडेटचा ‘पीयू’ (मागच्या अपडेटचा क्रमांक) आधीच्या अपडेटच्या ‘यू’शी (त्याचा स्वतःचा क्रमांक) जुळला पाहिजे. साखळी तुटली की बुक फेकून द्या आणि नवा स्नॅपशॉट (त्या क्षणाचं पूर्ण बुक) घ्या. ठिगळ लावत बसू नका. वेबसॉकेट (एक्सचेंजशी सतत उघडं राहणारं कनेक्शन) 24 तासांनी तुटणारच, तेव्हा दुसरं कनेक्शन आधीच उघडून ठेवा. डेरिबिटवर कॅन्सल-ऑन-डिस्कनेक्ट (कनेक्शन तुटलं की ऑर्डर रद्द) चालू करा, बायनान्स फ्यूचर्सवर काउंटडाउन कॅन्सल (ठरावीक वेळेत तुमचा संदेश आला नाही की ऑर्डर रद्द). बायनान्सकडून 429 (मागण्या फार होत असल्याचा इशारा) आल्यावर थांबला नाहीत तर 418 येतो आणि आयपी दोन मिनिटांपासून तीन दिवसांपर्यंत बंद होतो, तोही नेमका बाजार उसळलेला असताना.

मार्जिनची भर कुठून येणार हेही आत्ताच ठरवा. मार्च 2023 मध्ये सिल्व्हरगेट या अमेरिकी बँकेचं ‘सेन’ हे रात्रंदिवस डॉलर पाठवण्याचं जाळं बंद झालं, पाठोपाठ सिग्नेचर बँक गेली, आणि शनिवार-रविवारी डॉलर हलवण्याचे क्रिप्टोतले दोन मुख्य रस्ते मिटले. मग स्टेबलकॉइन (डॉलरशी बांधलेली नाणी) ठेवाल. पण त्याच महिन्यात यूएसडीसी हे असं नाणंही 88 सेंटच्या खाली घसरलं होतं, कारण ते काढणाऱ्या सर्कल कंपनीचे 3.3 अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले होते. राखीव रक्कम दोन वेगवेगळ्या नाण्यांत विभागा, आणि कस्टोडियनकडचे मंजुरीदार वेगवेगळ्या टाइमझोनमध्ये ठेवा. पहाटे तीनला मार्जिन कॉल आला आणि दोन्ही सहीदार दुबईत झोपलेले असले, तर लिक्विडेशन इंजिन (मार्जिन कमी पडलं की पोझिशन आपोआप बंद करणारी एक्सचेंजची यंत्रणा) कोणासाठी थांबत नाही.

सॉफ्टवेअर विकणाऱ्याला डेमोमध्ये एकच करायला सांगा: ऑर्डर अर्धी भरलेली असताना नेटवर्क तोडायचं, पाच मिनिटांनी जोडायचं आणि पोझिशन, फी, फंडिंग (पर्पेच्युअलवर ठरावीक वेळाने होणारी देवघेव) तिन्ही एक्सचेंजच्या आकड्यांशी जुळवून दाखवायचं. भारतातल्या कंपनीतर्फे हे करण्याचा विचार असेल तर 30 टक्के कर, तोटा वजा न होणं आणि प्रत्येक विक्रीवर 1 टक्का टीडीएस हे गणित सीएकडून आधी मांडून घ्या. जास्त उलाढालीच्या स्ट्रॅटेजीत भांडवल टीडीएसमध्येच अडकून पडतं.