फाशीची शिक्षा, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि युद्ध : या तिन्हींवर एकाच तत्त्वाने भूमिका घेता येते का?

तुम्ही प्रश्नाखाली जो खुलासा केलाय तो आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुमच्या घरी रात्री जेवताना या तीन विषयांवरून रोज जुंपते. वडिलांना बलात्काऱ्याला फाशी हवी आणि शेजारच्या देशाला धडा शिकवायला हवा. बहिणीला दोन्ही नको. पण आपल्याला न पटणारं कोणी बोललं की दोघांचंही एकमत होतं : याला आत टाका. यातून सुसंगत भूमिका कशी काढायची, असं तुम्ही विचारताय.

निघते. फक्त तिन्ही प्रश्न एका ओळीत बसवू नका. बोलण्याचा हक्क आधी घ्या. फासावर गेलेला माणूस निर्दोष होता, किंवा लढाई खोट्या माहितीवर पेटवली होती, हे कुणीतरी उठून म्हटल्याशिवाय कळत नाही. म्हणणाराच आत असेल तर बाकीच्या दोन प्रश्नांवर तुमचं मत काहीही असो, ते घरातच राहणार.

मी गोव्यात राहतो, तेव्हा इकडचंच सांगतो. पोर्तुगालने १८६७ साली नागरी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द केली. राजकीय गुन्ह्यांची तर त्याआधीच, १८५२ साली केली होती. आणखी तीन वर्षांनी हे वसाहतींनाही लागू झालं. (समान नागरी कायद्याच्या चर्चेत देशभर ज्याचं कौतुक चालतं तो आमचा सिव्हिल कोडही १८६७ चाच.) म्हणजे १८९८ साली इंग्रजांनी येरवड्यात दामोदर चापेकरांना फाशी दिली, तेव्हा सीमेपलीकडे गोव्यात फाशीच नव्हती. कागद बघितला तर केवढं पुढारलेलं राज्य!

आता त्याच राज्यात तोंड उघडून दाखवा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात छापायचा मजकूर आधी सेन्सॉरपुढे ठेवावा लागे. लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नव्हती, हे इथल्या जुन्या घरांत अजून सांगतात. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात बोलायला उभे राहिले, तर भाषण रंगायच्या आत पोलिसांनी त्यांना उचललं. पणजीत खरेदीला आलेले लोक ज्या अठरा जून रस्त्यावर पार्किंग शोधत घिरट्या घालतात, त्याचं नाव त्या दिवसावरून पडलंय. गोव्याच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना आठ वर्षांची शिक्षा ठोठावून थेट पोर्तुगालच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. मोहन रानडे मूळचे सांगलीचे, सावई-वेऱ्याला मराठी शिकवायला आलेले आणि पुढे सशस्त्र लढ्यात उतरलेले. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली. गोवा १९६१ साली मुक्त झाला तरी रानडे लिस्बनजवळच्या तुरुंगातच होते. ते सुटले १९६९ साली, आणि त्यांच्या सुटकेसाठी खटपट करणाऱ्यांत आघाडीवर होते सुधीर फडके, हो, तेच संगीतकार.

मग फाशी नसलेल्या या सरकारने माणसं मारली नाहीत का? बाळा राया मापारी फेब्रुवारी १९५५ मध्ये पोलिसांच्या मारहाणीत कोठडीतच गेले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हातात झेंडे घेऊन सीमा ओलांडणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, वीसहून जास्त माणसं मेली. पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक त्याचंच. ना खटला, ना वकील, ना न्यायाधीश. अपील कुठे करणार?

म्हणून 'फाशी रद्द करा' एवढ्यावर थांबणारे लोक मला अर्धवट वाटतात. २०१९ च्या डिसेंबरात हैदराबादमध्ये बलात्कार आणि खुनाच्या चार संशयितांना पोलिसांनी 'चकमकीत' मारलं, आणि लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. पुढे न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ साली अहवाल दिला की गोळ्या ठार मारण्याच्या हेतूनेच झाडल्या होत्या. त्या चौघांना फाशी झाली असती तर निदान तिच्याआधी पुरावा तपासला गेला असता.

आणि मुक्तीनंतर काय झालं? मतदान आलं, वर्तमानपत्रं आली, सभा आल्या, आणि भारतीय दंड संहितेबरोबर फाशीही परत आली. मला विचाराल तर तरीही सौदा फायद्याचाच झाला. तोंड उघडं असेल तर फाशी नको म्हणून भांडता तरी येतं.

तर आता ते भांडण. मी फाशीच्या विरोधात आहे, आणि कारण दयामाया नाही. महाराष्ट्रातल्या २००३ च्या एका दरोडा, बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांची जन्मठेपही वाढवून फाशी केली, म्हणजे सहाच्या सहा फासाच्या दारात. आणि २०१९ साली त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. प्रकरणात जिवंत राहिलेल्या बाईने पोलिसांकडच्या फोटोंमधून सुरुवातीला दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि तो धागा कुणी धरलाच नव्हता. सहापैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली ती गेलीच, पण माणसं होती म्हणून भरपाई घ्यायला आली.

इथल्या शाळांच्या वादविवाद स्पर्धांना मला कधीमधी परीक्षक म्हणून बोलावतात. 'फाशीची शिक्षा रद्द करावी का?' हा विषय हमखास असतो, आणि नव्वद टक्के मुलं फाशीच्या बाजूने तावातावाने बोलतात, बहुतेक एकाच मोबाईलवरून उतरवल्यासारखी. अशाच एका स्पर्धेत पेडण्याकडच्या एका मुलीने प्रतिपक्षाला विचारलं, ''फाशी दिल्यावर कळलं की साक्षीदार खोटं बोलला, तर?'' समोरचा मुलगा म्हणाला, ''तो कशाला खोटं बोलेल?'' सभागृह हसलं. मागच्या रांगेतले एक पोलिस पालक सगळ्यांत मोठ्याने हसले.

फाशीच्या बाजूचा खरा मुद्दा 'जरब बसते' हा नाही. जरब शिक्षा किती मोठी यापेक्षा ती नक्की होणार का आणि कधी होणार यावर बसते. एखादं भयंकर प्रकरण घडलं की विधानसभा फाशीचं विधेयक मंजूर करते, कारण त्याला पैसा लागत नाही. महाराष्ट्राने २०२१ साली 'शक्ती' विधेयक केलं, पश्चिम बंगालने २०२४ साली 'अपराजिता'. फॉरेन्सिक प्रयोगशाळेतल्या रिकाम्या जागा भरायला मात्र पैसा लागतो. खरा मुद्दा मला मान्य आहे तो हा की, ज्यांचं माणूस गेलं त्यांना काही गुन्ह्यांत दुसरी कुठलीच शिक्षा न्याय वाटत नाही. त्या आईबापांना मी तत्त्वज्ञान सांगणार नाही. पण दोर कुणाच्या गळ्यात पडतो तेही बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या २०१६ च्या अहवालात फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश गरीब होते.

हेही नवीन नाही. १७८७ साली गोव्यात पोर्तुगीज सत्ता उलथवण्याचा पिंटोंचा कट उघडकीला आला. पकडलेल्यांपैकी पंधरा जणांना पुढच्या वर्षी पणजीत हाल करून फाशी दिली. कटात पुढे असलेले पाद्री होते, त्यांना लिस्बनला पाठवलं, फासावर नाही. आणि घटना समितीत १९४९ साली डॉ. आंबेडकर बोलले होते ते फार कमी जण सांगतात : फाशीची अपिलं कुठे चालवायची यावर खल करण्यापेक्षा फाशीच रद्द करायला आपण पाठिंबा देऊ, असा त्यांचा सूर होता.

आता बोलण्याचा हक्क. इथे तुमचे वडील आणि बहीण दोघंही एकाच परीक्षेत नापास होतील, आणि गोव्यातले बरेचसे लोकही. २०२३ साली एका पाद्रीचं शिवाजी महाराजांबद्दलचं विधान गाजलं, २०२४ साली एका हिंदुत्ववादी नेत्याचं सेंट फ्रान्सिस झेवियरबद्दलचं. दोन्ही वेळा जमाव पोलिसांकडे गेला, दोन्ही वेळा गुन्हा नोंदला. पहिल्या वेळी जे भाषणस्वातंत्र्य म्हणत होते त्यांतले कित्येक दुसऱ्या वेळी अटक मागत होते, आणि उलटही. आमच्या तिंट्यावर, म्हणजे गावच्या नाक्यावर, चहा पिणारी तीच माणसं, फक्त बाकं बदलली. मी दोघांचंही बोलणं ऐकून वैतागलो, तरी गुन्हा नको या मताचा आहे. 'यांना मारा, आत्ताच मारा' असं जमावाला सांगणं वेगळं, तिथे पोलिस हवेतच. कुणाचं मन दुखावलं, ही पोलिसांच्या कामाची बाब नाही.

राजद्रोहाचं १२४-अ कलम, ज्याखाली टिळकांना मंडालेला पाठवलं, सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये गोठवलं. जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १५२ आलं. 'राजद्रोह' शब्द गेला, पण 'सार्वभौमत्व धोक्यात आणणं' याची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की ठाणेदाराला मनात येईल ते त्यात बसवता येईल.

भीती वाटत असेल की सगळ्यांना बोलू दिलं तर समाज फुटेल, तर जनमत कौल आठवा. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, यावर १६ जानेवारी १९६७ ला इथे मतदान झालं. त्याआधीचे महिने घराघरांत भाऊ भावाशी बोलत नव्हता. 'गोमंतक' विलीनीकरणाच्या बाजूने आणि 'राष्ट्रमत' विरोधात, दोन्ही मराठी दैनिकं! मराठीतूनच मराठी राज्यात जाऊ नका असं रोज सकाळी छापून येत होतं, आणि विलीनीकरणवादी सरकार ते छापू देत होतं. प्रचार निष्पक्ष व्हावा म्हणून मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामाही दिला. वेगळं राहण्याची बाजू ३४,०२१ मतांनी जिंकली. माझ्यासारख्या मराठी घरांतल्या कित्येकांना तो निकाल आजही सलतो. पण तो स्वीकारला गेला, आणि काही महिन्यांतच त्याच मतदारांनी भाऊसाहेबांना पुन्हा मुख्यमंत्री केलं.

युद्धाबद्दल थोडक्यात, कारण त्यात मी तुमच्या बहिणीइतका ठाम नाही. ऑपरेशन विजय, म्हणजे १९६१ ची भारताची गोव्यातली लष्करी कारवाई, झालं नसतं तर हे उत्तर मी कुठल्या भाषेत आणि कुणाच्या परवानगीने लिहिलं असतं देव जाणे. चौदा वर्षं वाटाघाटी, सत्याग्रह, गोळीबार, आणि मग जेमतेम दोन दिवसांत संपलेली कारवाई. माझ्या मते ती योग्यच होती. त्यात मला जनरल वासालु इ सिल्वा, शेवटचा पोर्तुगीज गव्हर्नर, महत्त्वाचा वाटतो. सालाझारचा हुकूम होता की शरणागती नाही, जिंका नाहीतर मरा. याने १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, पणजी बेचिराख होऊ दिली नाही. बक्षीस म्हणून त्याला सैन्यातून हाकललं, आणि हुकूमशाही पडल्यावरच त्याचा मान परत मिळाला. लिस्बनमध्ये 'हे युद्ध आपण हरणार आहोत' असं छापायची मुभा असती तर त्याच्यावर ही वेळ आली नसती.

आता मे २०२५ मधली ऑपरेशन सिंदूरची ती रात्र आठवा. पहलगामला २६ माणसं मारली गेली होती, राग खरा होता, आणि कारवाईला माझाही विरोध नव्हता. पण टीव्हीवर कराची बंदर उद्ध्वस्त झालं, इस्लामाबाद पडलं, असं बिनदिक्कत चाललं होतं. आमच्याकडे दाबोळीला नौदलाचा तळ आहे, शेकडो घरांतली माणसं बोटींवर तारवटी, म्हणजे खलाशी, आहेत, त्याहून जास्त आखातात. १९९० साली इराकने कुवेत घेतलं तेव्हा इथल्या कित्येक घरांत आठवडेच्या आठवडे फोन लागत नव्हता. असल्या घराला खरी बातमी हवी असते, विजयाचं संगीत नको. त्या रात्री खोटं सांगणाऱ्यांपैकी कुणाला आत टाकलं का? शंका विचारणाऱ्यांवर मात्र देशद्रोहाचे शिक्के पडले.

तेव्हा घरी पुढच्या वेळी वडिलांना ते सहा जण सांगा आणि विचारा, २००९ नंतर लगेच फाशी झाली असती तर चाललं असतं का. बहिणीला १९६१ विचारा : रानडे तुरुंगात, सत्याग्रही मेलेले, समोर सालाझार, सैन्य पाठवायचं होतं की नाही? ती 'नाही' म्हणाली तरी हरकत नाही, पण मग रानड्यांना किती वर्षं आत ठेवायला ती तयार आहे, ते तिने सांगावं. आणि दोघांपैकी कुणी 'याला आत टाका' म्हणालं, तर आत टाकायचा अधिकार कुणाच्या हातात द्यायचा त्याचं नाव कागदावर लिहून मागा. वडिलांना नको असलेला पक्ष निवडून आला तर तोच कागद त्याच्या हातात जाणार आहे, हेही तेव्हाच सांगा.